बापूंच्या डाव्या पायातला तोडा

महापुरात चांदी लेऊन उतरलेला पुरुष साऱ्या वऱ्हाडात एकच झाला आणि तो आमच्या गावचा होता, असं आमच्याकडे आजही छाती पुढे काढून सांगतात. सांगतात ते खरं आहे. बाकीच्या गावांनी पोहणाऱ्याच्या पायाला वजन बांधलं नाही, एवढाच फरक.

बापू माळ्यांच्या डाव्या पायात चांदीचा तोडा होता. बायका घालतात तसला नाजूक नव्हे. बैलाच्या दाव्याएवढा जाड. बापू चालू लागले की तो घोट्याच्या हाडावर आपटे. आधी आवाज येई, मग बापू. त्या आवाजामुळे नवऱ्याला गावात कुठंच गुपचूप जाता येत नाही, हे काकू फार समाधानानं सांगत. तोड्याबद्दल त्यांना वाटणारं समाधान तिथंच संपे. "माह्या गयात एक मनी नाई, आन् याइच्या पायात पाटलाची अर्धी पेटी," असं त्या भाकरी थापता थापता म्हणत.

मी त्या गावात शाळेवर मास्तर होतो. तेल्हाऱ्याकडून अकोल्याला कापसाच्या गाड्या जात, त्या वाटेवर पूर्णेच्या काठी हे गाव. तिकडे अमेरिकेत गोरे लोक आपसात लढत होते आणि त्यामुळे आमच्या कापसाला भाव येऊन गावात चांदी येत होती. यातला संबंध मी मुलांना नकाशावर दाखवत असे. पाटलांना तो पटत नसे. त्यांच्या मते चांदी त्यांच्या कर्तबगारीनं आली होती, आणि कर्तबगारी दिसली पाहिजे म्हणून त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, दमणीच्या, म्हणजे बसायच्या गाडीच्या, जुवाला चांदीचा पत्रा ठोकला, हुक्का चांदीचा केला. चांदी मढवायला गावात जागा उरेना, तेव्हा त्यांचं लक्ष बापूंकडे गेलं.

बापूंची भाजीची वाडी नदीच्या पलीकडच्या काठावर, उंचवट्यावर होती. जमीन पाटलांची, वांगी बापूंची. पलीकडे जायला पाटलांचाच एक डोंगा होता, पण त्यात बसायचं तर घाटावरच्या पाटलांच्या माणसाला विचारावं लागे. बापूंना विचारणं आवडत नसे. म्हणून ते पोहत. पोहणं ही त्यांची हौस नव्हती, वाट होती.

हौस आम्हाला होती. मी, गावातला सोनार आणि कापसाचा एक अडत्या, असे तीन वाढलेले पुरुष पाठीला वाळके भोपळे बांधून त्यांच्याकडे पोहायला शिकलो. मी पाण्यात हातपाय फार झाडत असे. बापू म्हणत, "पान्याशी भांडू नोका मास्तर. ते तुमच्याएवढं शिकलं नाई, पन तुमच्याहून लय जास्त हाये." अडत्याला त्यांनी भोपळे कधी सोडूच दिले नाहीत.

एका पावसाळ्यात पूर आला आणि त्याच दिवशी बाजार होता. बापू डोक्यावर वांग्यांची टोपली बांधून पुरातून अलीकडे आले. घाटावर पाटलांसोबत कापूस घ्यायला आलेला एक साहेब उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या. साहेबानं टाळ्या वाजवल्या म्हणजे ही वस्तू आपल्या गावात आहे आणि आपल्याला ठाऊक नव्हती, हे पाटलांच्या ध्यानात आलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरात पोहण्याची शर्यत ठरली. महादेवाच्या घाटावरून निघायचं, पलीकडच्या बाभळीला हात लावायचा. आम्ही तिघं अर्ध्यातून परत फिरलो. बापू जिंकले, कारण त्यांना तसंही तिकडे काकड्या तोडायला जायचं होतं.

बक्षीस म्हणून पाटलांनी तोडा दिला. चोरीला जाऊ नये म्हणून तो पायातच, सांधा झाळून, कायमचा पक्का करायचा हुकूम झाला. पायाभोवती ओली फडकी गुंडाळून सोनारानं पाटलांच्या पायरीवरच झाळ दिला. मग पाटलांनी जाहीर केलं, "दरसाल शर्यत व्हईन. जो बापूले हरवीन, हा तोडा त्याच्या पायात जाईन." लोकांनी जयजयकार केला. बापूंनी उठताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलला.

दुसऱ्या वर्षीची शर्यत मी जन्मात विसरणार नाही. तोड्यामुळे बापूंचा डावा पाय खाली ओढला जाई आणि ते सारखे डावीकडे वळत. साहजिकच आम्ही तिघंही त्यांच्या पुढे गेलो. बाभूळ हाकेवर आली आणि आमच्या तिघांच्याही मनात एकदमच आलं, की जिंकलो तर काय. आम्ही हात आवरते घेतले आणि ऐन पुरात, संथ पाण्याची जागा बघून, बापूंची वाट पाहू लागलो.

"या न बापू, लवकर या," सोनार ओरडला.

"तुमी जा न. मी येऊन राहिलो सावकाश."

"मले नोको. माह्या पायात मीच कसा झाळू?"

"मंग शेठ जाईन," बापूंनी अडत्याकडे पाहिलं.

"शेठला भोपळे आहेत," मी म्हणालो, "त्याचं जिंकणं धरणार नाहीत."

"मास्तर, तुमाले तर शाळेत बसूनच रायचं असते. तुमाले कायचं जड?" सोनार म्हणाला.

असे आम्ही पाण्यात एकमेकांना आग्रह करत होतो. घाटावरून ढोल वाजत होते. शेवटी बापूंनी एक दीर्घ श्वास घेतला, आमच्यामधून वाट काढली आणि बाभळीला हात लावला. पाटलांनी घाटावर फेटा उडवला. अजिंक्य म्हणजे काय, याचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला.

त्या दिवाळीत बापू पाटलांकडे गेले. मी अर्ज लिहून देतो म्हणालो होतो. ते म्हणाले, तोंडानं सांगतो. मी मात्र सोबत गेलो.

"पाटील, वय झालं आता. पाय दुखते. तोडा घ्या वापस, आन् येत्या साली मले सोडा."

पाटलांनी हुक्क्याची नळी बाजूला केली. "दिलेला मान आमच्या घरानं कधी वापस घेतला नाई, बापू."

"तरी पन."

"वाडी कोनाची हाये?"

"तुमची."

"मंग?"

एवढंच बोलणं झालं. परत येताना बापू वाटेत तीनदा थांबले. सोनाराला त्यांनी गुपचूप कानस मारायला सांगितलं, तर तो म्हणाला, "पाटलाचं काम मी कसं कापू? मलेबी गावातच रायचं हाये." बापूंनी त्याला दोष दिला नाही. "पानी कोनाले पाटील म्हनत नाई," असं ते नेहमी म्हणत. त्या दिवशी पुढं म्हणाले, "पन पान्यात रायता येत नाई न मास्तर."

तिसऱ्या वर्षी पाणी वाईट होतं. बापू बाभळीजवळ पोचले आणि तिथंच थांबले. हनुवटीपर्यंत पाणी, चेहरा आमच्याकडे. आम्हाला वाटलं दम घेताहेत. जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "पाय अटकला." सोनारानं बुडी मारली. पुरानं बाभळीची मुळं उघडी पाडली होती आणि एका मुळाचा फाटा थेट तोड्यात शिरला होता. पाणी चढत होतं. हनुवटी बुडाली, तशी बापूंनी मान मागं टाकली.

"सोनारा, तुनंच झाळला. तूच सोडव."

सोनाराजवळ कानस नव्हती. पोहायला कानस घेऊन कोण जातं? तो आणि मी आळीपाळीनं खाली जात राहिलो. अडत्यानं आपले भोपळे सोडून बापूंच्या मानेखाली दिले आणि स्वतः फांदीला लोंबकळला. अलीकडच्या काठावर ढोल थांबले नव्हते. भर पुरात बापू एका जागी उभे राहिले, हा नवा पराक्रम समजून लोकांनी जोर वाढवला होता. बापूंच्या नाकाशी पाणी आलं तेव्हा मूळ मोडलं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी चावडीवर निवाडा दिला. तोडा नसता तर बापू वाहून गेले असते. तोड्यानं धरून ठेवलं म्हणून वाचले. यावर बोलण्यासारखं फार होतं, पण ऐकणारं कोणी नव्हतं. बायका हळदीकुंकू घेऊन बापूंच्या ओसरीवर आल्या. बापू डावा पाय लांब करून भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून हळूच म्हणाले, "बेडीले हळद लावून राहिले, मास्तर. आता हे कोनाच्या बापाच्यानं निघत नाई."

ते चुकीचं निघालं. अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव पडला. मी मुलांना पुन्हा नकाशा दाखवला. बापूंनी या घडामोडीत पहिल्यांदाच रस घेतला. रोज सकाळी शाळेच्या दाराशी तोडा वाजे. "बैलाच्या शेंब्या उतरल्या मास्तर." मग, "दमनीचा पत्रा गेला काल." मग, "हुक्का मातीचा झाला." पायाकडे बघत विचारत, "आपली पाळी कवा?"

पाळी आली. सोनार कानस घेऊन ओसरीवर आला. पाटलांचा निरोप त्यानं खाली मान घालून सांगितला: "मान तसाच राईन. तोडा फक्त आनाले सांगतला."

"हळू घास," बापू म्हणाले. "पाय माहा हाये, तोडा त्याइचा."

तोडा निघाला, तिथली कातडी पांढरी पडली होती. बापू बराच वेळ घोट्यावरून हात फिरवत राहिले. काकू बाहेर आल्या. तेल आणून ठेवलं आणि आत गेल्या.

सकाळी ते नदीवर गेले. पूर ओसरला होता. त्यांनी घाटावरून सूर मारला आणि मी काठावर बसून पाहत होतो. पण इतक्या वर्षांत डावीकडची ओढ सावरता सावरता उजवीकडे रेटायची सवय अंगात मुरली होती. आता ओढ नव्हती, रेटा तेवढा उरला होता. मध्यावर जाऊन ते गोल वळले आणि थोडं खाली आमच्याच काठाला लागले. पुन्हा गेले, पुन्हा वळले. तिसऱ्यांदा बाहेर आले, तेव्हा माझ्याशेजारी बसून धोतर पिळत म्हणाले, "पाय सुटला मास्तर, पन त्याले माइत नाई."

गावानं पुढं त्यांच्या नावानं घाटावर एक दगड बसवला. त्यावर त्यांना पूर्णेचा राजा म्हटलं आहे.

वाडी मात्र पलीकडच्याच काठावर होती. त्या सकाळच्या दुसऱ्या दिवसापासून बापू घाटावर उभे राहून पाटलांच्या माणसाला विचारू लागले, की डोंगा कधी सुटतो.