खर्रा आणि खोटी खिडकी

कापसाचं जिनिंग बंद पडलं तेव्हा तिथं वजनकाट्यावर बसणारा मीही बंद पडलो. कापसाच्या त्या वाईट वर्षांत पांढरकवड्यात दुसरी नोकरी होतीच कुठे? अशात त्याच रिकाम्या शेडमध्ये पुण्याच्या एका संशोधक मॅडमनी गाडी चालवण्याचं यंत्र मांडलं. सीट खरी, स्टेअरिंग खरं. समोरची काच, उजवी खिडकी आणि आरसे मात्र पडद्याचे, त्यांवर रस्ता पळायचा. हायवेवरच्या ट्रक ड्रायव्हरांचं लक्ष कशानं उडतं, हे त्यांना मोजायचं होतं. मदतनीस हवा होता. आठवडाभर काम बघून ठेवायचं की नाही ते ठरवू, म्हणाल्या.

"तंबाखू, खर्रा खाता?"

मी नुसती नकाराची मान हलवली. बोलणार कसा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

पहिल्या दिवशी आलेले ड्रायव्हर यंत्राला हात लावेनात. मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही चालवून दाखवा." बसलो. लक्ष उडवायला हेडफोनमधून त्यांचे प्रश्न सुरू झाले: फळांची नावं सांगा, फुलांची सांगा. तोंड गच्च भरलेलं. उजवीकडे हिरवीगार कपाशी पळत होती. मागून मोटरसायकलवाला येत नाही ना, हे मी आरशात नीट बघून घेतलं, तेवढी माणुसकी आपल्यात आहे, आणि खिडकीबाहेर पिचकारी मारली.

कपाशी तपकिरी झाली. ओघळ खाली उतरत गेला, सुपारीचा चुरा वर चिकटून राहिला, आंबूस वास बंद शेडभर पसरला. माझ्याच तोंडातला माल, तरी मीच नाक दाबलं. समोरच्या पडद्यावर मी एक बैल उडवला होता.

मागून एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "फवारणी करून राह्यले का, बाबूजी?"

नोकरी गेली असं धरून मी रुमाल काढला. मॅडम मात्र नजर टिपायला माझ्या डोळ्यांवर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघत होत्या. "थुंकण्याआधी आरशात पाहिलंत?"

"सगळेच पाहतात, मॅडम. मागच्याच्या तोंडावर उडते ना."

"आणि तेवढा वेळ पुढे कोणीच पाहत नाही."

आता त्यांना सगळ्यांचीच ती नजर मोजायची होती. माझी नोकरी पक्की झाली: ड्रायव्हरांना खर्रा आणून देणं आणि पडदा पुसणं. परक्या तोंडातलं कोमट पाणी फडक्यातून बोटांवर, बोटांवरून मनगटावर यायचं. थुंकायला डबा ठेवू का, मी विचारलं. "नको, डबा दिसला तर ते आरशात पाहणार नाहीत."

घरी बायकोनं विचारलं, "काम काय हाय तुमचं तेथं?"

"संशोधन."

तिनं वास घेतला. "मंग शर्ट भाईरच काढा."