हर्निया नव्हता तो

"पैंट नीचे करो।"

समोर मोठे डॉक्टर, त्यांच्या मागे नऊ विद्यार्थी. मुलं, मुली. पडदा होता, कुणी ओढला नाही. मी पँट खाली केली. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, राजधानीत केंद्र सरकारच्या नोकरीतला, हातात पट्टा धरून उभा.

"देखो, बचपन का बिगड़ा हुआ काम," डॉक्टर त्यांना म्हणाले. एकजण हसला. मग मला, माझ्याकडे न बघताच, "इतने साल क्या कर रहे थे?"

काय करत होतो? लपवत होतो, साहेब!

जन्मतःच माझं लघवीचं छिद्र टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. हायपोस्पेडियास म्हणतात. शाळेत जायच्या आधी तीन ऑपरेशनं झाली. आईने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, हर्निया होता. मलाही तेच सांगितलं. पुढे लग्नाला अडचण नको म्हणून बाबांनी कागदही फाडले. मोठेपणी मला खरं कळलं, तरी प्रत्येक दवाखान्यात मी 'हर्निया'च लिहीत राहिलो. लघवीची धार बारीक होत गेली, सारखा ताप यायचा, आणि डॉक्टर इन्फेक्शनच्या गोळ्या द्यायचे. आत जुन्या टाक्यांपाशी नळी आवळत चालली होती, त्यांना कसं कळणार? मूर्खपणा माझाच. पण घरात शिकवलेला.

धार दोन ठिकाणी फुटायची, म्हणून ऑफिसात मी मुतारीत उभा न राहता संडासाचं दार लावून बसायचो. एकदा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "यार, तुम लेडीज़ में चले जाया करो।" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मग सोनोग्राफीत एक किडनी सुजलेली दिसली. आता खरं सांगणं भाग होतं. मुलांचे सर्जन म्हणाले, अठरा के बाद हम नहीं देखते. मोठ्यांचे म्हणाले, ये तो बच्चों का केस है. महिनाभर फिरून या टेबलापाशी पोचलो होतो.

एका विद्यार्थ्याने फोटोसाठी मोबाइल वर केला. बस्स. मी पँट वर ओढली.

"अभी एग्ज़ामिन नहीं हुआ," डॉक्टर म्हणाले.

"होगा. पहले इन्हें बाहर भेजिए. और फोटो मुझसे पूछे बिना नहीं।"

"ये टीचिंग हॉस्पिटल है।"

"तो ये भी सिखाइए कि पूछते कैसे हैं।"

आता हाकलतात की काय, किडनीचं काय होणार, सगळं डोक्यात येऊन गेलं. पण पट्टा मी घट्ट बांधला होता. डॉक्टरांनी मान हलवली. नऊही जण बाहेर गेले. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि त्यांनी नीट तपासलं. दोन टप्प्यांत ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर.

संध्याकाळी द्वारका भागातल्या घरी आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "आत्याला काय सांगायचं? हर्निया परत झाला म्हणू?"

"नाही. जे आहे ते सांग."

"अरे, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुमच्या अब्रूपायी माझी किडनी जायची वेळ आलीय, आई."

ती रडायला लागली. मलाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. तिच्यासमोरच आत्याला फोन लावला आणि आजाराचं नाव सांगितलं. ऑपरेशन बिघडलं तर पुन्हा करीन. माझ्या शरीराबद्दल खोटं मात्र आता बोलणार नाही. कुणी विचारलं तर तोंडावर सांगणार. ऐकून ज्याला लाज वाटेल, त्याने आपली मान खाली घालावी.