आकड्यांत अडकलेल्या जन्मतारखा

प्रसूतिगृहाच्या नोंदणी खोलीत बावीस वर्षं बसणाऱ्या बाईंना सगळे नुसतं काकू म्हणत. मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा. शिक्षण बेताचं, पण एखादी गोष्ट हातात घेतली की तिची तड लावल्याशिवाय काकू उठायच्या नाहीत.

एका सोमवारी नोंदींचा जुना प्रोग्रॅम कायमचा बसला. तो बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळला होता. डेटाबेसमधल्या एक्केचाळीस हजार नोंदी शाबूत होत्या, पण जन्मवेळेच्या रकान्यात तारखाच नव्हत्या, नुसत्या दहा आकडी संख्या. आणि खिडकीपाशी दाखल्यांसाठी रांग.

"नवीन प्रोग्रॅम यायला दोन महिने," तपासायला आलेला इंजिनिअर म्हणाला.

"तोवर लोकांना काय दहा आकडी वाढदिवस देऊ?"

तो हसला. "हे सेकंद आहेत, काकू. १९७० सालच्या एक जानेवारीपासून मोजलेले. डेटाबेसला एक ओळ लिहून दिली की त्यांच्या तारखा होतात."

"मग लिहा की! घोडं अडलंय कुठे?"

त्याने ओळ लिहिली आणि पडद्यावर तारखा भराभर उतरल्या. तो पिशवी आवरू लागला, तेवढ्यात काकूंनी स्वतःच्या मुलाची नोंद काढली. तोही इथलाच. आठ मार्च, रात्री दहा.

"चूक. नऊ तारखेला पहाटे साडेतीनला झालाय तो."

"इतक्या वर्षांनी वेळ आठवते?"

"अहो, कळा मी दिल्यात! समोरच्या घड्याळाशिवाय बघायला होतं काय मला?"

"एखादी नोंद चुकली असेल."

काकू उठल्या. कपाटातून नर्सबाईंच्या हाताने भरलेल्या वह्या काढल्या आणि वीस नोंदी ताडून पाहिल्या. प्रत्येक नोंद बरोबर साडेपाच तास मागे.

इंजिनिअरने पिशवी खाली ठेवली. "आकडे परदेशी वेळेने मोजलेत. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे असतं. चुकलंच माझं."

"म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत जन्मलेलं प्रत्येक पोर एका दिवसाने म्हातारं!" काकूंनी कागदावर गुणाकार केला. "एकोणीस हजार आठशे सेकंद मिळवा. आणि मूळ आकड्यांना बोट लावायचं नाही हं. शेजारी नवा रकाना करा."

या वेळी काकूंनी स्वतः पन्नास नोंदी वह्यांशी लावून पाहिल्या, मुद्दाम पहाटेच्या. एकही चुकली नाही. मग ती ओळ त्यांनी वळणदार अक्षरात कागदावर उतरवली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. आपल्यानंतर इथे बसेल तिला लागेल.

गुरुवारी खिडकी उघडली. रांगेतल्या पहिल्या बापाने मुलीचा दाखला दोनदा वाचला. "तारीख नक्की बरोबर आहे ना?"

"घरी जाऊन तिच्या आईला विचारा," काकू म्हणाल्या आणि पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.