नाटकातला मालक

अवसरी बुद्रुकच्या यात्रेतल्या नाटकाचं नाव दरवर्षी बदलायचं, मालक मात्र तोच. गडगंज जमीनदार, तोंडानं फटकळ, मनानं काळा, आणि तिसऱ्या अंकात एक तर मरायचा नाहीतर पस्तावून सगळ्यांच्या पाया पडायचा. त्याचं काम वर्षानुवर्षं गेणभाऊंकडे. गेणभाऊ म्हणजे मंचरच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलणारे हमाल. अंगापिंडानं दणकट, खांदे हे एवढाले. असा माणूस गरिबाच्या कामाला शोभणार कसा? गावाचं गणित सरळ, ज्याच्या अंगावर मांस तो श्रीमंत. गावातले खरे बागायतदार त्या कामाच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. भर यात्रेत लोकांच्या शिव्या कोण खाणार, सांगा!

सुरुवातीला गेणभाऊंनीही चारचौघांसारखाच मालक केला. मिशीला पीळ, हातात चाबूक, 'कोण आहे रे तिकडे' अशी आरोळी आणि वर ते सातमजली हसणं. नाटकं लिहिणाऱ्यांना श्रीमंत माणूस सदानकदा ओरडतानाच कसा दिसतो, देव जाणे. पोरं खिदळायची, बाया निवांत शेंगा सोलत बसायच्या. मालकाला कुणी भीतच नव्हतं, आणि याचं गेणभाऊंना फार वाईट वाटायचं.

मग एके दिवशी मार्केटातच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते शांतीलाल शेठच्या आडतीच्या गाळ्यावर कामाला होते. शेठचे वडील राजस्थानातून आलेले, पण शेठचा जन्म मंचरचा, बोलणं आपल्यासारखंच. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही. गादीवर बसून इतकं हळू बोलायचा, की ऐकणारा आपोआप पुढं वाकायचा. एखादी गोष्ट नको असली की तळहात जरासा उलटा करायचा, झालं! समोरचा मुकाट माघारी जायचा.

त्या यात्रेला गेणभाऊंनी चाबूक घरीच ठेवला. खुर्चीत रेलून बसले, समोर हात जोडून उभ्या असलेल्या वाटेकऱ्याला हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून शेतात येऊ नको," आणि तळहात उलटा केला. बायांचे शेंगा सोलणारे हात थांबले. मग बायकांच्या बाजूनं प्रयागबाई कडाडली, "तळपट हुईल रं तुजं, मेल्या!" आता शिवी खाऊन कुणाला आनंद होतो का? पण गेणभाऊ त्या रात्री हसतच घरी आले आणि बायकोला, ठकूबाईला, ती शिवी पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत राहिले.

शेठ वाईट होते असं कुणी समजू नका. गेणभाऊंची कंबर धरली तेव्हा त्यांना स्वतःच्या गाडीत आडवं घालून पुण्याला नेलं ते शेठनीच. चंदाबाई शेठाणींनी घरी डबे पाठवले. पण एक होतं. इतक्या वर्षांत गेणभाऊ शेठसमोर कधी बसले नव्हते. बसू नको असं कुणी म्हणालं नव्हतं हो! उलट सुरुवातीला शेठ म्हणायचे, "बस रे गेणू." गेणभाऊ म्हणायचे, "असू द्या शेठ." गादीवर पांढरंशुभ्र कापड, आणि यांच्या अंगाला कांद्याची टरफलं न् माती. पुढं शेठनी म्हणायचं सोडलं आणि गेणभाऊंचा चहासुद्धा दाराला टेकून उभ्यानंच व्हायला लागला. गोणीवर म्हणून कधी टेकले नाहीत. ठकूबाई थट्टा करायची, "गावात मालक आन् मार्केटात खांब!"

यंदा यात्रा कमिटीनं ठरवलं की नाटक हे शेवटचं. पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा. पोरांना नाटक नको होतं, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. गेणभाऊ दोन घास कमीच जेवले. मग हात धुता धुता बायकोला म्हणाले, "औंदा शेठला बोलावतो."

"कशापायी? त्येंला काय नाटकाची आवड हाय का?"

"आगं, त्येनी मला कंदी बसल्यालं बगितलंच न्हाई. एकडाव तरी बगू दी."

ठकूबाईनं ताट उचललं आणि पेटीतून मालकाचा फेटा धुवायला काढला.

आमंत्रण देतानासुद्धा गेणभाऊ उभेच. शेठ म्हणाले, "अरे, आता जागरण झेपतंय का मला?"

"जागरान कुटलं शेठ! धाला पोलीस भोंगा बंद करत्यात. साताला पडदा उगाडतो."

"मग येतो. माझं जेवण तर दिवस मावळायच्या आतच होतं. जिनेशला सांगतो, आणेल तो गाडीतून."

यात्रेच्या संध्याकाळी मांडव खच्चून भरला. मालकाची खुर्ची मांडववाल्याकडची, लग्नात नवरानवरीला बसवतात ती, लाल मखमलीची. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. मागं रंगवलेला वाडा, खुर्चीत गेणभाऊ, डोक्याला फेटा, पायात मोजड्या, पायावर पाय. समोर वाटेकरी झालेला चांगदेव गुडघ्यावर बसून गयावया करतोय. आणि तेवढ्यात कमिटीची माणसं वाट करत शांतीलाल शेठला पुढं घेऊन आली. मागं त्यांचा मुलगा जिनेश. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी सोफा ठेवलेला.

गेणभाऊंची नजर शेठवर गेली, आणि काय सांगायचं! डोक्यानं विचार करायच्या आत अंगानं सवयीचं काम केलं. मालक खुर्चीतून उठले. मोजड्यांतून पाय बाहेर काढले आणि पोटाशी हात धरून खाली मान घालून उभे राहिले.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळ्या मांडवात हशा फुटला. "आरं, मालक उठला रं! मालक!" कुणीतरी शिट्टी घातली. चांगदेव तोंड उघडं ठेवून बघत राहिला. विंगेतून नाटक बसवणारे मास्तर दबक्या आवाजात ओरडत होते, "बसा! अहो, बसा!" बायकांत बसलेल्या ठकूबाईनं पदरात तोंड लपवलं. काय मोडलं ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

शेठही गोंधळले. सोफ्यापाशी उभ्या उभ्या त्यांनी वर पाहिलं, आणि गेणू आपल्यासाठी उठलाय हे त्यांच्या लक्षात आलं. बिचारे ओशाळले. गाळ्यावर हात करायचे तसा हात करून म्हणाले, "बस रे गेणू, बस."

गेणभाऊ बसणारच होते. गुडघे वाकलेसुद्धा होते. पण तिथंच अडले. शेठ म्हणाले म्हणून बसायचं तर मग त्यात बसणं कसलं? शेठ म्हणतील तिथं गोणी टाकायची, तसंच ते. यासाठी का त्यांना मंचरहून बोलावलं? गेणभाऊंनी एक पाय मोजडीत घातला, मग दुसरा. मान वर केली. आणि मालकाच्या त्या हळू आवाजात म्हणाले,

"शेठ, आदी तुमी बसा. ह्यो वाडा माजा हाय. मला बसायचं तवा मी बसंन."

माइकनं शब्द न् शब्द मांडवभर नेला. जिनेशचा चेहरा उतरला, कमिटीवाले एकमेकांकडे बघायला लागले. शेठनी हात जोडले. मनापासून जोडले, उगीच थट्टेनं नाही.

"बरं मालक," म्हणाले, आणि दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा बसतो तसे सोफ्याच्या कडेला बसले.

मग गेणभाऊ बसले. घाईनं नाही. हातावर भार देऊन, सगळं अंग त्या लाल मखमलीत सोडून, पाठ टेकवून. पायावर पाय टाकला आणि शेठच्या डोळ्यांत डोळे घालून एकदा पाहिलं. शेठही बघत होते.

नाटक पुढं सुरू झालं. मालकानं वाटेकऱ्याला सांगितलं, "उद्यापासून शेतात येऊ नको," आणि ते सांगताना मालकाच्या पावडर लावलेल्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. थांबेचना. चांगदेव पुरता घाबरला. पाय धरायचं निमित्त करून तो खाली वाकला आणि माइकला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "गेणभाऊ, रडू नका राव! जमीन माजी चाललीय, तुमची न्हाई!"

गेणभाऊंनी डोळे पुसले नाहीत.

"जाऊ दी रं," ते म्हणाले. "बसलोय न्हवं मी."