तळीचा पाचवा हात

अणदूरच्या कोंडाबाईला प्रश्न पडतात आणि पडले की ती ते विचारते. एवढंच तिचं वेगळेपण. बाकी ती चारचौघींसारखी धनगराची बाई. नवऱ्यानं टाकल्यावर भावांच्या घरी आली, चार शेळ्या घेतल्या आणि त्यांच्या जिवावर ताठ मानेनं जगली. डॉक्टरला ती विचारते, ही गोळी गुलाबीच का? कंडक्टरला विचारते, तुझं जमलेलं लग्न मोडलं ते कशानं? माणसं वैतागतात, पण सांगतात. पाठीमागं कुजबुजणाऱ्यांपेक्षा तोंडावर विचारणारी बाई परवडली.

यंदा चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी तिच्या धाकट्या भावाचा, रामहरीचा मुलगा युवराज सोलापूरहून आला. तिकडं तो ट्रकांचं वायरिंग करतो. आई लहानपणीच गेलेली, बाप गेल्या उन्हाळ्यात गेला. हा युवराज या घरात वर्षाराणी म्हणून वाढला. दोन वेण्या घालून शाळेत जायचा आणि घरी आल्या आल्या बापाचा सदरा अंगात चढवायचा. शिकायला म्हणून सोलापूरला गेला, दवाखाने केले, आणि आता दाढी घेऊन परत आला, ते एकाच गोष्टीसाठी. त्याला बापाच्या जागी तळी उचलायची होती.

खंडोबाची तळी म्हणजे ताम्हणात नारळ, पानसुपारी, भंडारा ठेवायचा आणि घरच्या पाच बाप्यांनी हात लावून ते ताम्हण येळकोट करत उचलायचं. थोरला भाऊ बिराप्पा, त्याची दोन पोरं, एक चुलतभाऊ आणि रामहरी, असे ते पाच. त्यातला एक हात आता कमी होता.

गावानं दाढी पाहिली आणि सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. समोर कुणी काही विचारेना. कोंडाबाईनं मात्र शेळ्या दावणीला बांधता बांधता सुरुवात केली.

"दाढी आपसूक आली का औषधानं?"

"इंजेक्शनं घेतो आत्या."

"दुखतं का?"

"टोचल्यावर दुखंलच की."

तिच्याकडं एक बिनशिंगाचं जनावर आहे. शेळी म्हणून जन्मलं, पण कधी व्यालं नाही. अंगावर थोडं शेळीचं, थोडं बोकडाचं. बिनशिंग्या वाणात असं अधूनमधून निपजतं. खाटकानं मागितलं तरी तिनं दिलं नाही. हे असं कसं झालं, हे तिला अजून बघायचं होतं. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "तुझं ह्याच्यावानी हाय का?"

"आत्या, मी शेळी न्हाय."

"न्हाईसच. शेळीला विचारलं तर ती सांगत न्हाय. तू सांगशील म्हणून विचारते."

युवराज हसला. मग त्यानं नीट सांगितलं. "त्याचं अंगच तसं जन्मलं. तशी माणसंबी असत्यात. माझं अंग पोरीचं व्हतं, पण मी पोरगाच व्हतो. कळायला लागल्यापासनं."

"बरं. मग लगीन पोरीशी का पोराशी?"

"पोरीशी. पण माझ्यावानीच एक दोस्त हाय सोलापुरात, त्याला पोरगाच आवडतो."

"आरं, मग त्यानं एवढा उपद्व्याप कशाला केला?"

"आपण कोण ही एक गोष्ट, आन् आपल्याला कोण आवडतं ही दुसरी."

कोंडाबाईनं दोन शेळ्या पिळून घेतल्या. मग म्हणाली, "व्हय. येगळंच हाय ते."

दुसऱ्या दिवशी भरीत-रोडग्याचा घमघमाट सुटला. गावचा खंडोबा दरवर्षी या दिवसांत नळदुर्गाला मुक्कामी असतो, म्हणून तळी घरोघर. युवराज डोक्याला रुमाल बांधून उंबऱ्याशी बसून होता. बिराप्पानं त्याच्याकडं न बघता शेजारच्या बसप्पाला बोलावून आणलं.

"बसप्पा कुणाच्या जागी?" कोंडाबाईनं विचारलं.

"रामहरीच्या."

"रामहरीला लेकरू न्हाय का?"

"कोंडे, देवाच्या कामात खोडा घालू नगं."

"विचारतेच निसती. हाय का न्हाय?"

बिराप्पानं हातातली भंडाऱ्याची वाटी खाली ठेवली. आवाज एकदम उतरला. "हाय गं. पण पोरगी म्हणावं तर समोर दाढी बसलीय. पोरगा म्हणावं तर पाळण्यात घातली ती वर्षाराणी, तूच नाव ठेवलंस. आता ह्यो म्हणतोय युवराज. आत्या जित्ती असताना आपलं नाव आपणच ठेवतंय का कुणी? देवापुढं काय म्हणून हाक मारू मी ह्याला?"

म्हणजे गाडं तिथं अडलं होतं. कोंडाबाईनं पदर खोचला आणि उंबऱ्यापाशी गेली.

"नाव ठेवताना म्या चुकले, दादा. पर तवा विचारायची सोय नव्हती, हे बोलतच नव्हतं." मग युवराजकडं वळून, "आता बोलतोस. युवराजच ना? का बदलायचंय?"

"युवराजच."

ती खाली वाकली, त्या दाढीवाल्या गड्याच्या कानाशी तोंड नेलं आणि बारशाला करतात तसं मोठ्यानं "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. बिराप्पाची बायको शांताक्का भाकरी टाकून धावली आणि रिवाजाप्रमाणे नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत तिनं दणका घातला. जरा जास्तच जोरात घातला. नणंदेचे कितीतरी वर्षांचे प्रश्न त्यात फिटले असावेत.

बिराप्पानं ताम्हण पुढं ओढलं. मग म्हणाला, "युवराज, ये. बापाच्या जागंवर बस. डाव्या बाजूला."

"मग मला कशाला हाक मारली?" बसप्पा म्हणाला. "भरीत तरी हाय का?"

"हाय. बस गप."

पाच हात लागले, येळकोट झाला, ताम्हण वर गेलं. युवराजच्या दाढीत भंडारा अडकला, तो त्यानं पुसला नाही. ताम्हण खाली टेकतंय न टेकतंय तोच कोंडाबाईचं सुरू झालं.

"दादा, बायांनी उचललं तर काय हुतंय?"

"पुढल्या वरसाला विचार," बिराप्पा म्हणाला. "आधी जेव."