खंडेनवमीची रायफल

रायफलीला मॉडरेटर लावणं हे खरं तर अगदी साधं काम. नळीच्या टोकाला आटे असतात, त्यांवर ते वीतभर लांबीचं काळं नळकांडं फिरवत न्यायचं, शेवटी घट्ट टेक लागली की झालं. सिनेमातले लोक त्याला सायलेन्सर म्हणतात. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी ती टेक काही केल्या लागेना.

ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ होते. नागपूरला कॉलेजात असताना रायफलच्या टीममध्ये होते, ते वेड इकडे येऊनही सुटलं नाही. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा कोबी ससे फस्त करत होते, ते मारायला मी जायचे. रायफल लहान काडतुसाची, सेमी-ऑटोमॅटिक. तिची आणि मॉडरेटरची, दोन्हींची नोंद पोलिसांच्या सर्टिफिकेटवर होती. मॉडरेटरशिवाय त्या शेतात पाऊल ठेवायची सोय नव्हती. कुंपणापलीकडे शेजारणीचे घोडे चरायचे, आणि पूर्वी कुणाच्या तरी बंदुकीच्या आवाजाने त्यांतली एक घोडी उधळून तारेत शिरली होती.

त्या वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. सासरे जाऊन वर्ष झालं नव्हतं. आई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, इंग्रजी चांगलं समजायचं, फक्त बोलायच्या नाहीत. एरवी खमक्या बाई, पण सासरे गेल्यापासून त्यांनी एकच धरलं होतं, की आपला हात लागला की बिघडतं. दूध नासलं, माझ्यामुळे. मुलाची ऑफिसला जायची मेडनहेडची ट्रेन रद्द झाली, सकाळी माझं तोंड बघून निघाला म्हणून. हे ऐकून माझं डोकं फिरायचं. त्यांच्या जावांनी आणि नणंदांनी त्यांच्या डोक्यात काय काय भरवलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि एकेकीला फोनवर झापायची माझी फार इच्छा होती.

खंडेनवमीला मी रायफल पुसून टेबलावर मांडली, मॉडरेटर शेजारी पेल्यासारखा उभा ठेवला आणि म्हटलं, "आई, पूजा तुम्ही करायची."

"मी? अगं, मी कशी करणार हळदकुंकवाला हात लावून?"

"माझ्या घरात तुम्हीच करणार. नाहीतर अपूज राहू दे रायफल."

त्यांनी हात धुतले. मग त्यांनी गंध लावलं, फूल वाहिलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. सवय मोडली होती, तांदूळ टेबलभर सांडले. माझे डोळे भरून आले, म्हणून मी खिडकीकडे बघत राहिले. मग सगळं गोळा करून कपाटात कुलूपबंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच हट्ट धरला. शस्त्र पूजलं, आता सीमोल्लंघनाला मलाही ने. नेलं. शाल गुंडाळून त्या माझ्या मागे, शेतकऱ्याच्या जीपपाशी उभ्या राहिल्या. घराबाहेर पडायचं त्यांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून सुचवलं होतं.

आणि टेक लागेना.

"लाइट्स गोइंग, डॉक्टर," शेतकरी म्हणाला. समोर उतारावर, मावळत्या उजेडात, ससे बाहेर आले होते. उजवीकडे घोडे.

गोळ्यांचं मॅगझिन अजून खिशातच होतं. मी बोल्ट मागे अडकवला, गोळी बसते ते चेंबर रिकामं असल्याचं पाहिलं, तिथे पांढरा कागद धरला आणि मॉडरेटरच्या तोंडातून नळीत बघितलं. नळीचा गोल मधोमध दिसायला हवा होता. तो एका कडेला सरकला होता. म्हणजे मॉडरेटर तिरका बसला होता. गोळी त्याला आतून घासून गेली असती, आणि पुढे कुठे गेली असती ते सांगता आलं नसतं. घोडे डोळ्यांसमोर होते.

मी मॉडरेटर उलटा फिरवून काढला. नळीच्या खांद्याशी, आट्यांच्या मुळाशी, तांदळाचा एक लाल दाणा चेपून बसला होता.

"काय गं, काय झालं?" मागून आईंचा आवाज आला. "माझं काही चुकलं का?"

त्यांनी अजून काही पाहिलंसुद्धा नव्हतं. नुसतं माझं थांबणं बघून त्यांनी तो प्रश्न विचारला होता. मला दाण्याचा राग आला, अंधाराचा आला, त्या जावा-नणंदांचा तर विचारूच नका.

"नाही हो आई. थंडीने आटे आखडलेत जरा."

मी नखाने दाणा काढला आणि मॉडरेटर तळहातावर आपटला. अजून एक दाणा पडला. आत आणखी किती होते? टेबलावर किती अक्षता वाहिल्या हे त्यांनाच विचारायला हवं होतं, आणि तेवढंच विचारता येत नव्हतं.

शेतकरी माझ्या हातावर वाकला. "इज दॅट राइस?"

तो बोलायचा ते जीपच्या इंजिनावरून ऐकू जाईल अशा आवाजात. मी मूठ मिटली.

"ग्रास सीड," मी म्हटलं, आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिले.

या माणसाचा जन्म धान्यात गेला होता. त्याने माझ्या मुठीकडे पाहिलं, मग मागे शालीत उभ्या असलेल्या बाईंकडे. "सो इट इज," तो शांतपणे म्हणाला. "ग्रास सीड. गेट्स एव्हरीव्हेअर." आणि खिशातला टॉर्च काढून त्याने माझ्यापुढे धरला.

टॉर्चच्या उजेडात मी मॉडरेटर आरपार पाहिला, फुंकला, पुन्हा आपटला, पुन्हा पाहिला. नळीही पाहिली. घाई करायला तो एकदाही म्हणाला नाही. मॉडरेटर परत चढवला, टेक लागली, गोल मधोमध आला. मग मॅगझिन चढवलं आणि पहिली गोळी झाडली. टप् असा आवाज झाला आणि ससा पडला. घोड्यांनी मान वर केली नाही. मी आणखी दोन टिपले, मग उजेड संपला.

परतताना आई गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला वाटलं, दमल्या.

"गवताचं बी इतकं लाल नसतं गं," स्टिअरिंगवरच्या माझ्या नखात अडकलेल्या कुंकवाकडे बघत त्या म्हणाल्या.

आता त्या रडणार, परत जायचं तिकीट काढ म्हणणार, हेच मनात आलं. तेवढ्यात त्यांनी शाल नीट केली.

"पुढच्या वर्षीही पूजा मीच करणार," त्या म्हणाल्या. "तू फक्त ते नळकांडं आडवं ठेव. उभं कुणी ठेवतं का?"