आधी माठ, मग थर्मामीटर

कोरोनाच्या काळात, भर मे महिन्यात, माझ्या मुलीची नर्सिंगची प्रवेशपरीक्षा होती. घुग्घुसहून चंद्रपूरपर्यंत आम्ही स्कूटीवर उन्हातूनच गेलो. केंद्राच्या गेटवर चौकीदाराने तिच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र रोखलं.

"पोरीले ताप आहे बाई. आत नाई जाता येत."

"ताप नाई भाऊ, ऊन आहे. तुमच्या गेटवर धरून पाहा."

त्याने धरलं. गेटचा आकडा मुलीपेक्षा कितीतरी जास्त निघाला.

"मंग गेटलेही घरी धाडा!" मी म्हटलं.

रांग हसली, तो मात्र हटेना. मी पर्समधून काचेचा थर्मामीटर काढला. पारा आधीच शेवटच्या रेघेवर होता.

"तुमच्या पर्सलेच ताप आहे की!" तो म्हणाला.

आमच्याकडे उन्हाळ्यात हवाच अंगाहून गरम असते, त्यामुळे थर्मामीटर आधी थंड करावा लागतो. मी गेटजवळ ठेवलेल्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं, तो त्यात बुडवला, झटकला आणि मुलीच्या जिभेखाली ठेवला. पारा अठ्ठ्याण्णवावर थांबला.

"लवकर वाचा, नाई तर हवेनंच चढंल. चढला तर पुन्हा मोजीन. पेपर सुटेपर्यंत मोजत राहीन, पण इथून हटणार नाई."

त्याने वाचलं आणि गेट उघडलं.